पालीच्या अलीकडे

खालची वाडी, ता. लांजा
१८ एप्रिल २०२५

ताई,

नमस्कार करते. फोन सोडून पत्र कसं लिहिलं, असं वाटेल तुम्हाला. पण घरात रेंज नाही, आणि रेंजसाठी सड्यावर चढून जायचं म्हणजे मला आता दम लागतो. शिवाय तिथे वाडीतल्या चार जणी आधीच मुंबईच्या नवऱ्यांशी बोलत बसलेल्या असतात. त्यांच्यादेखत हे बोलायचं नव्हतं.

मला दिवस गेलेत. पाचवा लागला. तुमच्या भावाने डोंबिवलीला येऊन सांगितलंच असेल. नितेशच्या पोटात काही राहत नाही. आई खूश आहेत. समर्थला अजून सांगितलेलं नाही. तीन वर्षांचं पोर, त्याला काय कळणार.

ताई, मला एक विचारायचं आहे. समर्थच्या वेळी माझं पोट कापलं, ते का कापलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. कळा सुरू झाल्या तसं लांज्याच्या एका दवाखान्यात नेलं. दुपारी डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि बाहेर जाऊन नितेशच्या काकांशी काहीतरी बोलले. काकांनी सही केली. मी विचारत होते, काय झालंय, बाळ बरं आहे ना? नर्स म्हणाली, "गप पड." कमरेत सुई टोचली. मग ट्रंकेतलं सामान उपसावं तसं कुणीतरी पोटात उपसत होतं, एवढंच कळत होतं. बाळ आधी सगळ्या घराने बघितलं आणि शेवटी मी. तोवर त्याला डब्याचं दूध पाजून झालं होतं. पुढे टाक्यात पू झाला, त्याला मांडीवर नीट घेता येईना, दूध आटलं. समर्थ माझ्या अंगावर प्यायलाच नाही.

इथे सगळे म्हणतात, एकदा कापलं की दर वेळी कापायचं. खरं का हे? तुम्ही गरोदर बायकांचे वर्ग घेता, तुम्हाला माहीत असेल. हे बाळ मला स्वतः जन्माला घालायचंय. आईंशी अजून बोललेले नाही.

तुमची भावजय,
शमिका


डोंबिवली
२९ एप्रिल २०२५

प्रिय शमिका,

तुझं पत्र वाचून आधी रडले आणि मग मला राग आला. तुझा नाही, त्या दवाखान्याचा. आपल्याच बाळाचं तोंड बघायला आईला रांगेत उभं करतात ही माणसं!

एकदा कापलं की दर वेळी कापायचं, हे खरं नाही. माझ्या वर्गात येणाऱ्या दोघींचं पहिलं सिझेरियन होतं आणि दुसऱ्या वेळी त्या नॉर्मल बाळंत झाल्या. बाईचं अंग बाळंत व्हायचं विसरत नाही गं. आपणच त्याच्यावरचा विश्वास सोडतो. गोठ्यातली गाय कुठे कुणाला विचारून विते? रोज चालायला जा, उकिडवी बसून काम कर, आणि मनात भीती आली की सावकाश श्वास सोड. मी वर्गात शिकवते तो व्यायाम चित्रं काढून सोबत पाठवते आहे.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या आईचंच बघ. मी आणि नितेश, दोघंही घरीच झालो, मधल्या खोलीत. सुईण आणि चुलीवरचं गरम पाणी, एवढ्यावर सगळं पार पडलं. तिला काही झालं नाही आणि आम्हालाही नाही. तिच्याशी बोल. ती तुझीच बाजू घेईल, बघ.

लांज्याला मात्र जाऊ नकोस. रत्नागिरीत एक बाई डॉक्टर आहेत, माझ्या वर्गातल्या एकीची बहीण त्यांच्याकडे बाळंत झाली. पत्ता मागे लिहिलाय. त्या नीट सांगतात म्हणे. जे वाटेल ते विचार. पोट तुझं आहे.

तुझीच,
निशिगंधा


खालची वाडी
३ जून २०२५

ताई,

तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं. दाखवायला हवं होतं की नाही ते आता कळत नाही, पण जे झालं ते सांगते.

आई अंगणात आमसुलांसाठी रातांबे फोडत बसल्या होत्या, हात लाल झालेले. व्यायामाचं ऐकून हसल्या. गायीचं ऐकूनही हसल्या. मग त्यांच्या बाळंतपणाचं वाचलं, तसा त्यांचा हात थांबला.

"दोन नाय, चार," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, माझं वाचण्यात चुकलं.

"चार बाळंतपणा झाली माझी. निशाच्या आधीची दोन गेली. पयली पोर आडवी होती. सुईण बिचारी काय करील? रात सरली, दिवस सरला. पोर भायेर आली ती रडलीच नाय. दुसरा पोर चांगला गोरागोमटा होता. त्याला ताप भरला नि त्याचा अंग ताठ झाला."

"आई, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"बोलून काय करू? निशा झाली तेव्हा सगळी म्हणाली, मागचा काढू नको, हिला दृष्ट लागल." मग त्यांनी पुन्हा रातांबा हातात घेतला. "तुझ्या नणंदेला सांग, गाय वासरू मेला तरी दुसऱ्या दिवशी रवंथ करते. माणसाचा तसा नसता. कापू दे गो पोट. पोर जगला पायजे."

तुम्ही म्हणाला होतात, त्या माझी बाजू घेतील. त्यांनी घेतलीच, ताई. फक्त आपल्याला वाटलं होतं तशी नाही.

तरी मागच्या सोमवारी त्या माझ्याबरोबर रत्नागिरीला आल्या. डॉक्टरबाई वयाने तुमच्याएवढ्या असतील. त्यांनी तपासलं, जुना व्रण बघितला, आणि मला विचारलं, "तुला काय हवंय?" मी आईंकडे बघायला लागले, तर म्हणाल्या, "त्यांना नंतर विचारते. आधी तू."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. माझ्यासारख्या शंभर जणींनी प्रयत्न केला तर साठ-सत्तर जणींना जमतं. पण दोनशेत एखादीचा आतला जुना टाका कळांच्या जोराने उसवतो. उसवला तर लगेच, काही मिनिटांत पोट उघडावं लागतं. म्हणून ऑपरेशनची खोली, भूल देणारा माणूस आणि रक्त हाताशी हवं. दुसऱ्यांदा ऑपरेशन केलं तर त्यातही धोके आहेत, तेही त्यांनी सांगितले. पहिलं का केलं, ते त्यांनाही सांगता येईना. गरज असेलही, म्हणाल्या.

त्यांची अट एकच. शेवटचा महिना रत्नागिरीत राहायचं, वाडीत नाही. ऑपरेशनच हवं असेल तर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख देते म्हणाल्या, गणपती झाल्यावर.

मी प्रयत्न करते म्हणून सांगितलं. आई परतीच्या गाडीत हातखंब्यापर्यंत खिडकीतून रस्ता बघत होत्या. मग म्हणाल्या, "मिरकरवाड्यात तुळसा आहे. लांज्याच्या बाजारात मासे घेऊन यायची, माझी वळख आहे. तिच्याकडे खोली असल."

शमिका


डोंबिवली
१८ जून २०२५

शमिका,

तुझं पत्र आल्यापासून आईला फोन करायचं मनात आहे आणि धीर होत नाही. काय बोलू? चाळीस वर्षं मी स्वतःला थोरली समजत आले.

लहानपणी माझ्या वाढदिवसाला आई देवाजवळ तीन दिवे लावायची. मी विचारलं की म्हणायची, "असाच." मी वर्गात बायकांना आईची गोष्ट सांगत आले आहे, घरच्या बाळंतपणाची, गरम पाण्याची. त्यांच्यासमोर आता काय तोंड घेऊन उभी राहू?

तू मात्र योग्य केलंस. सगळं ऐकून घेतलंस, तोलून बघितलंस आणि स्वतः ठरवलंस. यापेक्षा जास्त कुणी काय करू शकतं? रत्नागिरीत राहणं महत्त्वाचं. नितेशशी मी बोलते. तो चिडचिड करेल, पण ऐकेल.

आईला सांग, निशाने नमस्कार सांगितलाय.

निशिगंधा


मिरकरवाडा, रत्नागिरी
१६ ऑगस्ट २०२५

ताई,

इथे येऊन आठवडा झाला. इथे फोनला चांगली रेंज आहे, पण पत्राची सवय झाली. फोनवर तुम्ही "कशी आहेस" विचारता, मी "बरी" म्हणते आणि तिथेच संपतं.

बरीच आहे तशी. तुळसाकाकू एकट्याच असतात, मुलगा बोटीवर. खोलीला सुकटीचा वास आहे. पहिले दोन दिवस उलट्या झाल्या, आता नाकाला कळतही नाही. संध्याकाळी जेटीपर्यंत चालून येते. डॉक्टरबाई म्हणतात, बाळाचं डोकं खाली आहे, सगळं जागच्या जागी आहे. मुलगी असेल असं मला उगाच वाटतं.

जीव लागत नाही तो समर्थपायी. तो आईंकडे वाडीत आहे. आई सड्यावर जाऊन फोन लावतात आणि तो नुसता "कदी येशील, कदी येशील" करतो. काल म्हणाला, "तुला नवीन बाळ मिळाला, आता मी नको?" असं कुणी शिकवलं त्याला कोण जाणे.

नितेशला गणपतीची रजा मिळाली आहे. तो म्हणतो, सणाला चल, वर्षाचा देव आहे, पोरगं तरी शांत होईल. डॉक्टरबाईंना विचारलं तर त्यांनी सरळ नाही सांगितलं. मी नितेशला म्हटलं, नाही येणार. त्याने रागावून फोन ठेवला. मी ठरवल्याप्रमाणेच वागणार आहे, पण समर्थचा आवाज कानातून जात नाही.

शमिका


डोंबिवली
२३ ऑगस्ट २०२५

प्रिय शमिका,

तू फार मनाला लावून घेतेस. तुझी तारीख पंधरा सप्टेंबरची ना? गणपती सत्तावीसला. मधे चांगले अडीच-तीन आठवडे आहेत. डॉक्टरांना तसं सांगावंच लागतं. एक-दोन दिवस समर्थला कुशीत घेऊन आलीस तर काय बिघडणार आहे? उलट मन असं कुढत राहिलं तर कळासुद्धा नीट येत नाहीत, हे मी कितीदा पाहिलंय. जाऊन ये. नितेश गाडी करेल, हळू नेईल.

मला या वर्षी सुट्टी नाही, नाहीतर मीही आले असते. आईच्या हातचे मोदक खा माझ्या वाटचे.

निशिगंधा


डोंबिवली
१२ सप्टेंबर २०२५

शमिका,

नितेशचा फोन आला तशी मिळेल त्या गाडीने आले. दोन दिवस तुझ्या खाटेशी बसले आणि तू भिंतीकडे तोंड करून होतीस. मी हाक मारली, तू ओ दिली नाहीस. नर्सबाई म्हणाली, रक्त फार गेलंय, अशक्तपणा आहे. पण मला ठाऊक आहे, तसं नव्हतं.

मीच लिहिलं होतं, जा म्हणून. डॉक्टर नको म्हणत होत्या आणि मी इथे बसून लिहिलं, काय बिघडणार आहे. तुळसाकाकूंच्या खोलीत ते पत्र उघडलेलं बघितलं.

मी वर्ग बंद केलाय.

तरीही एक सांगते, आत्तापुरतं ऐक, मग हवं तर माझं तोंड बघू नकोस. बाळ अजून आहे. तुझं दूध तिला नळीतून जातंय, तेच तिचं औषध आहे. थोडंसं आलं तरी पिळून देत राहा. आणि परवानगी देतील त्या दिवशी तिला तुझ्या उघड्या छातीशी धर, कापड मधे न ठेवता. बाळाला आईच्या अंगाची ऊब कळते. हे मी कुठे वाचलंय म्हणून नाही सांगत, माझ्या धाकटीच्या वेळी मी स्वतः पाहिलंय.

तू रागव, पण लिही.

निशिगंधा


खालची वाडी
५ ऑक्टोबर २०२५

ताई,

बाळ गेल्याचं नितेशने कळवलंच. आता मला लिहिता येईल असं वाटतं, म्हणून बसले.

आधी तुमच्या मनातलं काढून टाकते. तुमचं पत्र मिरकरवाड्यात पोचलं तेव्हा मी तिथे नव्हते. समर्थला ताप भरला होता. आईंचा फोन आला, "पोर तुझा नाव घेऊन बरळताय." मी पिशवी भरली. डॉक्टरबाईंना सांगितलंही नाही, कारण त्या काय म्हणतील ते ठाऊक होतं. पत्र तुळसाकाकूंनी उघडून ठेवलं होतं, मी ते परत आल्यावर, म्हणजे दवाखान्यातून सुटल्यावर वाचलं. तेव्हा तुम्ही "जा" म्हणाला असतात काय आणि "नको" म्हणाला असतात काय, सारखंच. मी गेलेच असते.

एका दिवसासाठी म्हणून गेले होते. समर्थचा ताप उतरेना, तो मला सोडेना, एकाचे चार दिवस झाले. गौरी आणायच्या दिवशी सकाळी पोटात कळ आली. दुसरी आल्यावर मी आईंना सांगितलं. लपवलं नाही, वाट बघितली नाही. आईंनी हातातला तेरडा तसाच खाली टाकला आणि शेजारच्या रघूला रिक्षा काढायला लावली. गौर तशीच ओसरीवर राहिली. त्यावरून वाडीतले लोक अजून बोलतात.

लांज्याच्या दवाखान्यात डॉक्टर होते, पण भूल देणारा सणाला गावी गेलेला. त्यांनी तपासून सांगितलं, इथे थांबू नका, रत्नागिरीला न्या. त्यांनीच अॅम्ब्युलन्स बोलावली. वाईट वागले नाहीत, ताई. माणूस नव्हता, ते तरी काय करणार.

पालीच्या अलीकडे हायवेवर ट्रक आडवा झाला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, सगळे चाकरमानी. अॅम्ब्युलन्सचा भोंगा ओरडत होता. लोक खाली उतरून वाट करून द्यायला बघत होते, पण सरकवायला जागाच नव्हती. तुमचा भाऊ पुढे धावत गाड्यांच्या काचांवर थापा मारत होता. "माझी बायको आहे ओ, माझी बायको आहे," मला आत ऐकू येत होतं.

मी बाई कळा मोजत होते. कळ येते आणि जाते, हे तुम्ही शिकवलं होतं. श्वास सोडत होते. मग एक कळ आली ती गेलीच नाही. जुन्या टाक्याच्या जागी कुणी आतून फाडल्यासारखं झालं, आणि थोड्या वेळाने सगळ्या कळा एकदम थांबल्या. पोट गप्प झालं. आईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, "आता बरा वाटताय ना गो?"

मी मान हलवली. काय सांगणार? डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, असं झालं तर काय समजायचं. मला सगळं माहीत होतं, ताई. आत काय झालंय, किती वेळ आहे, काय व्हायला हवं आणि ते तिथे होऊ शकत नाही. माहीत नसतं तर आईंसारखी मीही देवाचं नाव घेत बसले असते. मी वर पत्र्याकडे बघत होते आणि पोटावर हात ठेवला होता. ती हलली नाही.

रत्नागिरीत डॉक्टरबाईंनी दारातच स्ट्रेचर धरलं. एका शब्दाने बोलल्या नाहीत मला. बाळ काढलं, तिचं हृदय चालू होतं. माझी गर्भाची पिशवी राहिली नाही. पुढचं तुम्ही काचेतून बघितलंत.

तुमच्याकडे मी तोंड फिरवलं ते रागाने नाही. तुम्ही नितेशसारख्या दिसता. मला त्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

ह्या वेळी दूध आलं, ताई. समर्थच्या वेळी थेंब नव्हता आणि ह्या वेळी कपडे भिजायचे. वाटीत पिळून द्यायचे, नर्स नळीतून घालायची. मुलीने कधी तोंड हलवलं नाही, डोळेही नीट उघडले नाहीत. मग एक दिवस डॉक्टरबाई लहान मुलांच्या डॉक्टरांना घेऊन माझ्या खाटेशी येऊन बसल्या. म्हणाल्या, मेंदूला फार मार लागलाय, ती जागी होणार नाही. कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेता येईल, तिथे आणखी यंत्रं आहेत, पण त्याने ती बरी होईल असं आम्हाला वाटत नाही. नाहीतर इथेच तुझ्याजवळ ठेवू. नितेशही होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू सांगशील तसं."

पुन्हा मलाच विचारलं होतं. सगळी माहिती देऊन, न घाई करता, जसं विचारायला हवं तसं. मला वाटलं, माझ्या वतीने काकांनी पुन्हा एकदा सही केली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, माझ्याजवळ द्या. तुम्ही लिहिलं होतं तशी उघड्या छातीशी धरली. दोन दिवस होती. नितेश तिचा तळवा बोटाने चोळत बसायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा श्वास लांबत लांबत गेला. आई म्हणाल्या, "सोड आता," पण मी बराच वेळ सोडली नाही.

घरी आल्यावरही दूध थांबेना. मोगऱ्याचे दिवस नाहीत, तरी आईंनी पालीच्या बाजारातून माणूस पाठवून फुलं आणवली, दूध आटावं म्हणून फडक्यात घालून माझ्या छातीला आवळून बांधली. घरभर वास सुटला. समर्थ विचारत होता, आज कुणाचं लग्न आहे.

आता वाडीत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, गुमान ऑपरेशन केलं असतं तर हे झालं नसतं. दुसरा म्हणतो, पहिलंच कापलं नसतं तर हे झालं नसतं. मी ऐकून घेते. ऑपरेशनची तारीखही गणपतीनंतरचीच होती, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ऑपरेशन ठरवलं असतं तरी त्या सकाळी मी इथेच असते, त्याच रस्त्यावर. मी जे निवडलं त्याने काही झालं नाही आणि जे निवडलं नाही त्यानेही काही वाचलं नसतं. रत्नागिरीत राहिले असते तर वाचलं असतं. ते मला माहीत होतं. पण डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या माहितीत तापाने बरळणारा समर्थ नव्हता.

दोनशेत एक म्हटलं की ती दुसरी कुणीतरी बाई वाटते.

शमिका


डोंबिवली
१२ ऑक्टोबर २०२५

शमिका,

आई दिवे लावायची तसं तुझं पत्र देवाजवळ ठेवलंय.

वर्गातल्या बायका घरी येऊन विचारतात, पुन्हा कधी सुरू करणार. त्यांतली एक तुझ्यासारखीच आहे, पहिलं सिझेरियन झालेली. ती विचारते, काय करू ताई? मी त्यांना काय सांगू, ते तूच मला सांग. आणि दिवाळीला आले तर चालेल का, तेही.

निशिगंधा


खालची वाडी
१६ नोव्हेंबर २०२५

ताई,

दिवाळीला तुम्ही आलात, बरं वाटलं. तुम्ही आणि आई मागल्या दारी बसून बोलत होतात तेव्हा मी मुद्दाम समर्थला घेऊन खळ्यावर गेले होते. काय बोललात ते विचारत नाही. पावसाळ्यापासून धरलेला आईंचा खोकला त्यानंतर दोन दिवस कमी होता, एवढं सांगते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी समोर दिलं नाही, म्हणून इथे लिहिते. वर्ग सुरू करा. सगळं सांगा त्यांना, साठ-सत्तर जणींचं आणि त्या एकीचंही. याच्यापलीकडे मला काही कळत नाही. कळेल असंही वाटत नाही.

भात झोडून झालं. नितेश मुंबईला गेला. फोनवर तो आता कमी बोलतो, आणि मीही. पुढे काय, असं आम्ही दोघंही एकमेकांना विचारत नाही. समर्थला वाटतं, बाळ मिरकरवाड्यातच राहिलंय. मी अजून त्याचा गैरसमज दूर केलेला नाही.

मागच्या आठवड्यात वरच्या वाडीतली दीपाली आली होती. तुम्ही ओळखत नसाल, गेल्या वर्षी लग्न होऊन आली. तिला सहावा आहे. सासूला बाजाराला जाते म्हणून सांगून आली होती. मोठ्या धिटाईने समोर बसली आणि मग रडवेली झाली. "वैनी, तुमचा झाल्यापासून मला झोप नाय. मी कुठे जाऊ? काय करू?"

मला जे जे माहीत होतं ते मी तिला सांगितलं. कुणाला काय विचारायचं, कुठली लक्षणं दिसली की थांबायचं नाही, शेवटच्या महिन्यात कुठे राहायचं. मी बोलत गेले तसतसा तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाली, "म्हणजे सगळा नीट केला तरी होऊ शकता?"

मी म्हटलं, "हो. होऊ शकतं."

ती चहा न घेताच उठली. मला वाटलं, हिला उगाच घाबरवलं. अंगणापर्यंत गेली, थांबली आणि परत दारात आली. हळूच विचारलं, "वैनी, खूप दुखला का गो तुम्हाला?"

ताई, एवढे लोक येऊन गेले. चूक कुणाची ते सगळ्यांनी सांगितलं, नशिबाचं सांगितलं, देवाचं सांगितलं. पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी दाराची चौकट धरली आणि म्हटलं, "हो गं. खूप दुखलं."

शमिका